प्रत्येक फोटोतला माणूस

आमच्या घरात संशय घेणं हा दुर्गुण मानला जात नसे. उलट, जो घेत नाही त्यालाच भोळसट समजत. दूधवाला आला की आई दुधात बोट बुडवून थेंब नखावर घ्यायची, आणि तो ओघळला की दूधवाल्याकडे अशी बघायची की तो बिचारा आपल्या म्हशीची शपथ घ्यायला लागायचा. माशाचे कल्ले उघडून तर सगळ्याच बायका बघतात. आई कोळणीच्या टोपलीवरचं फडकंसुद्धा उचलून हुंगायची. वडिलांचा संशय मात्र मोठ्या मापाचा. आगाशीच्या अलीकडे आमची केळीची आणि पानवेलीची वाडी होती आणि वाडीच्या मधोमध बावखल, म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारं आमचं तळं. त्या वर्षांत विरारला इमारतींवर इमारती उठत होत्या. हातात टेप, कागद नाहीतर कॅमेरा घेतलेला कोणी कुंपणाशी दिसला की तो जमिनीवर डोळा ठेवूनच आलेला आहे, याबद्दल बाबांच्या मनात किंतु नसे. एकदा फुलपाखरांचे फोटो काढायला आलेल्या एका प्राध्यापकांना त्यांनी केळीखाली उभं करून इतकी उलटतपासणी घेतली, की ते गृहस्थ घामाघूम झाले. शेवटी आईने त्यांना चहा दिला, पण बशीत बिस्कीट ठेवलं नाही.

त्याच घरात कॅमेरा आला, आणि तो माझ्या हातात आला. धाकटा काका जहाजावर नोकरीला होता. एका सुट्टीत तो काळा, जड, चामड्याच्या पिशवीतला कॅमेरा घेऊन आला, महिनाभर सगळ्यांचे फोटो काढले, आणि परत जाताना म्हणाला, "फिलू, हा तू ठेव. बोटीवर खाऱ्या वाऱ्याने भिंगाला बुरशी धरते." फिलोमिना हे माझं बाप्तिस्म्याचं नाव, घरात, आळीत आणि चर्चमध्ये मी फिलूच. बाबांना ते पटलं नव्हतं, पण भावाने दिलेली वस्तू परत कशी करायची, म्हणून गप्प बसले. मी बीएच्या शेवटच्या वर्षाला होते. संध्याकाळी विरारला स्टेशनजवळ टायपिंगच्या क्लासला जायची, आणि तिथून सुटल्यावर लाल एसटीने घरी. कॅमेरा पुस्तकांच्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळलेला असायचा.

आता गोठ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. नाताळ म्हटलं की बाहेरच्यांना केक आठवतो. आम्हाला आधी गोठा आठवतो. येशूचा जन्म गाईच्या गोठ्यात झाला, म्हणून नाताळ जवळ आला की आमच्याकडे आळीआळीत बांबू, पेंढा, गोणपाट आणि चिखल घेऊन त्या जन्माचा देखावा उभा करतात. त्यालाच आम्ही नुसतं गोठा म्हणतो. माझ्या लहानपणी त्यात बाळ, आईबाप, दोन मेंढ्या आणि एक तारा एवढंच असायचं. पुढे स्पर्धा लागल्या आणि गोठ्यांत डोंगर, झरे, धक्के, शाळा, काय वाटेल ते यायला लागलं. मग ओघानेच गुप्तता आली. जागेला चारी बाजूंनी काळं प्लास्टिक लावायचं, आत कोण जातं येतं त्यावर पहारा ठेवायचा, आणि नाताळच्या आदल्या रात्रीपर्यंत आत काय आहे हे बाहेर फुटू द्यायचं नाही. एके वर्षी आम्ही दीपगृह करत होतो. वरच्या आळीने ते हेरलं आणि आमच्याहून दुप्पट उंच दीपगृह करून दाखवलं, वर फिरता दिवासुद्धा लावला. कोणी फोडलं ते कळलं नाही. पण माझ्या आईचं माहेर वरच्या आळीतलं. त्यामुळे कोणी काही बोललं नसलं तरी सगळ्यांच्या नजरा आमच्या घराकडे वळल्या, आणि त्या वर्षी आमच्याकडे फुगे खायलाही दरवर्षीपेक्षा कमी माणसं आली. फुगे म्हणजे ताडी घालून आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे. ते दुसऱ्या दिवशी चिवट होतात. उरलेले ते चिवट फुगे आईने आठवडाभर आम्हाला चहाबरोबर खायला घातले, आणि प्रत्येक फुग्याबरोबर आळीचा उद्धारही केला.

म्हणून त्या वर्षी डेनिसदादाने मला गोठ्याच्या कामात घेतलं तेव्हा आधीच बजावलं. डेनिसदादा आमच्या आळीतला सुतार, दोन पोरांचा बाप, गोठ्याचा कर्ताधर्ता. "फिलू, तुझ्या घरात चकार शब्द नको. आईला नको, बाबांना नको. तुझे बाबा खोटं बोलत नाहीत. वहिनींनी विचारलं तर ते सांगून मोकळे होतील." हे मात्र खरं होतं. अख्ख्या पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, कोणाच्या बांधाचा वाद निघाला की साक्षीला बाबांना बोलवत, कारण ते सख्ख्या भावाच्या बाजूनेही खोटं बोलायचे नाहीत. मी कबूल झाले. आमच्या गोठ्याचा विषय असा होता: योसेफ आणि मारिया शटलने विरारला उतरतात, मारियाचे दिवस भरत आलेत, आणि या एवढ्या इमारतींच्या गावात त्यांना कोणी एक खोली देत नाही. शटल म्हणजे डहाणूकडची पॅसेंजर गाडी. विरारच्या पलीकडच्या गावांना तेव्हा तिचाच आधार होता. डेनिसदादाला प्लायवूडची शटल करायची होती, खिडक्यांत पिवळे दिवे लावून. आणि ते दिवे रात्री खरोखर कसे दिसतात, दारातून फलाटावर उजेड किती पडतो, डब्याच्या पायऱ्या किती, याचे त्याला फोटो हवे होते. दिवसाचे फोटो चालणार नव्हते, कारण गोठा लोक रात्रीच बघतात.

मग नोव्हेंबरच्या मध्यापासून मी रोज क्लास सुटला की स्टेशनात जायची. विरारची थंडी ती काय, पण त्या वर्षी चांगली पडली होती. फलाटावरच्या बायका पदर कानावरून घेऊन बसायच्या, चहावाल्याच्या स्टोव्हभोवती हमाल उभे राहायचे. टोकाच्या फलाटावर शटल लागायची. तिथे गर्दी अशी नसायची. भाजीच्या रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या बायका, कामगार, कोणी पोरंबाळं घेऊन गावी निघालेले. गाडीत शिरून जागा धरली की माणसं खिडकीत चेहरे ठेवून गप्प बसायची, आणि त्या पिवळट उजेडात डब्यांची ती लांब रांग मला इतकी सुंदर दिसायची की मी खरंच सगळं विसरायची. फ्लॅश मारून उपयोग नव्हता. काकाने शिकवलं होतं तसं, पिण्याच्या पाण्याच्या नळाशी सिमेंटचा कट्टा होता त्यावर कॅमेरा टेकवायचा, खटका दाबून धरायचा आणि मोजायचं. माझ्याकडे सेकंदकाट्याचं घड्याळ नव्हतं. मी नमो मारिया म्हणायची. लहानपणापासून रोज संध्याकाळी माळेला पन्नास वेळा म्हटलेली ती प्रार्थना, तिचा वेग कधी बदलत नाही. अर्धी झाली की खटका सोडायचा. गाडीत दिवे मंद असले तर पुरी म्हणायची. पहिल्या रोलचे काही फोटो याच मापाने इतके छान आले होते की डेनिसदादाने माझ्या पाठीवर थाप मारली.

त्या दिवसांत स्टेशनावर बेवारस वस्तूंना हात लावू नका अशा पाट्या लागल्या होत्या, आणि शिपाई लोकांच्या ट्रंका उघडायला लावत. ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण त्याचा आपल्याशी काही संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही. संशय घेणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाची ही एक गंमत असते. आपला संशय कोणी घेईल हे त्याला सुचत नाही. आज मी बोळिंजला पाचव्या मजल्यावर राहते. आमच्या सोसायटीच्या गेटवर, लिफ्टमध्ये, जिन्यात कॅमेरे आहेत आणि दिवसातून कितीदा माझा फोटो निघतो देव जाणे. मी भाजीची पिशवी घेऊन जाते तेव्हा मान वर करून त्या कॅमेऱ्याकडे मुद्दाम बघते. आमची शेजारीण म्हणते, "मावशी, त्याच्याकडे कशाला बघता?" मी म्हणते, आपल्याकडे कोण बघतंय हे माहीत असलेलं बरं. तेव्हा मला हे शहाणपण नव्हतं.

दुसरा रोल मी आगाशीच्या बाजारातल्या स्टुडिओत धुवायला टाकला होता. स्टुडिओवाले शांतारामभाऊ बाबांना ओळखणारे. एक दिवस बाबा पानांच्या करंड्या घेऊन बाजारात गेलेले असताना शांतारामभाऊंनी हाक मारून पाकीट त्यांच्याच हाती दिलं. वर म्हणाले, "मुलीचा हात चांगलाय. पण एकदा बघून घ्या बरं का, अण्णा." एवढंच म्हणाले. आमच्या बाबांना एवढं पुष्कळ होतं.

त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा माळेची प्रार्थना सुरू झालेली होती. चुलीवर सुके बोंबील भाजल्याचा वास, मागे वाडीत पाण्याच्या पंपाची एकसुरी धडधड, आणि बाबांचा आवाज नेहमीसारखाच. मीही गुडघे टेकून बसले. प्रार्थना संपली, आईने येशूच्या तसबिरीपुढची मेणबत्ती विझवली, आणि बाबांनी जेवणाच्या टेबलावर फोटो एकेक करून मांडले, पत्ते मांडावे तसे. "हा कोण?" त्यांनी विचारलं.

मी वाकून बघितलं. फोटोंत शटल होती, दिवे होते, सगळं मनासारखं आलं होतं. खटका इतका वेळ उघडा राहिल्यावर हलणारी माणसं फोटोत उमटत नाहीत. त्यांची नुसती धुरकट पुसट रेघ येते. फलाटावरच्या सगळ्यांचं तसंच झालं होतं, पाटीवाल्या बायकांचं, हमालांचं, पोराबाळांचं. पण एक माणूस मात्र प्रत्येक फोटोत स्वच्छ आला होता. तपकिरी स्वेटर, गळ्याशी मफलर, बारीक मिशी, तिशी-बत्तिशीचा. कधी खांबाशी, कधी चहाच्या टपरीशी, कधी बाकाजवळ, हालचाल न करता उभा. आणि प्रत्येक फोटोत तो सरळ माझ्याकडे बघत होता.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"माहीत नाही?" आई म्हणाली. "सगळ्या फलाटावर एकटा हाच उठून दिसतो, बाकीच्यांना तू पुसून टाकलंस, आणि माहीत नाही? कटे भेटला हा तुना?" म्हणजे कुठे भेटला हा तुला. आमच्या घरची बोली कागदावर नीट उतरत नाही, म्हणून आईचं बोलणं मी सरळ करून लिहिते आहे, पण रागावली की तिच्या तोंडून असली वाक्यं जशीच्या तशी निघत, आणि ती मला अजून तशीच ऐकू येतात.

मी सांगून बघितलं की पुसून मी टाकलेलं नाही, हलणारी माणसं आपोआप जातात, स्थिर उभं राहिलेलं माणूस तेवढं येतं. हे सांगून मी माझीच बाजू आणखी बिघडवली. "म्हणजे हा रोज तुझ्यासाठी स्थिर उभा राहतो," बाबा म्हणाले. त्यात चूक काढता येण्यासारखं काही नव्हतं. मग त्यांनी विचारलं की क्लास सुटल्यावर स्टेशनात जायचं कारणच काय. मी म्हटलं, गोठ्याचं काम आहे. गोठ्यात स्टेशन कशाला, त्यांनी विचारलं. मी आईकडे बघितलं आणि गप्प बसले. आईला माझ्या त्या बघण्याचा बरोबर अर्थ कळला, आणि तिला तो असा झोंबला की ती म्हणाली, "माझ्या माहेराच्या आड लपू नकोस! ते निर्मळचं स्थळ आलंय ना, त्यांना होकार कळवा. ईस्टर झाला की लग्न. बीए झालं काय नि नाही झालं काय."

निर्मळ गावचा तो मुलगा वाईट असेल असं मी म्हणत नाही. त्याला मी जेमतेम एकदा चर्चमधली मिस्सा सुटल्यावर लांबून बघितलं होतं. पण मला बीए पुरं करायचं होतं, नोकरी करायची होती, आणि कॅमेऱ्याचं पुढे काय करायचं हे मनात कुठेतरी होतं. ते सगळं त्या टेबलावर, तपकिरी स्वेटर घातलेल्या एका परक्या माणसाच्या पायी संपणार होतं. मी रडले, ओरडले, जेवले नाही. बाबांनी फोटो एकेक करून गोळा केले. मग त्यांनी ते पाकिटात भरले आणि म्हणाले, "होकार रविवारी कळवू. त्याआधी मी ह्या माणसाला भेटतो. उद्या संध्याकाळी तू माझ्याबरोबर चल आणि दाखव."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीने विरारला आलो. बाबांनी चर्चला घालायचा पांढरा शर्ट आणि वर कोट घातला होता, खांद्याला पिशवी, पिशवीत ते पाकीट. स्टेशनात शिरल्यावर त्यांनी फलाट तिकिटं काढली आणि आम्ही टोकाच्या फलाटावर गेलो. मी त्या नळाशी, माझ्या नेहमीच्या जागी उभी राहिले, आणि त्या महिन्यात पहिल्यांदाच गाडीकडे न बघता माणसांकडे बघितलं. तो होता. चहाच्या टपरीशी, हातात कप, आणि नजर आमच्यावर. मला इतकी भीती वाटली की मी बाबांच्या कोटाची बाही धरली. बाबांनी ती सोडवली आणि सरळ त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"माझ्या मुलीशी तुमचा काय संबंध आहे?"

त्या माणसाने कप टपरीवर ठेवला. बाबांना वरपासून खालपर्यंत बघितलं. मग शांतपणे म्हणाला, "आस्सं. म्हंजे तुमी हिचे वडील व्हय? म्या वाटच बघत हुतो, हिच्या मागं कोन हाय ते कदी दिसतंय. चला, आपुन चौकीत बसून बोलू." आणि खिशातून ओळखपत्र काढून त्याने बाबांच्या डोळ्यांसमोर धरलं. साध्या कपड्यातला पोलीस होता तो. हवालदार जाधव. रोज संध्याकाळी पिशवीतून कॅमेरा काढून गाड्यांचे फोटो घेणारी आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजणारी मुलगी त्याच्या नजरेत भरली होती, आणि तिचे साथीदार सापडेपर्यंत तिला हटकायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. साथीदार म्हणून माझे बाबा सापडले.

चौकी म्हणजे फलाटाच्या कडेची एक अरुंद खोली. टेबलामागे साहेब बसले होते, मुंबईकडचे, घशाला थंडी बाधलेली, समोर गरम पाण्याचा ग्लास. जाधवांनी बाबांची पिशवी टेबलावर रिकामी केली. चष्म्याचं घर, रुमाल, जपमाळ, आणि फोटोंचं पाकीट. साहेबांनी फोटो बघितले: फलाट, पूल, सिग्नल, गाडी, पुन्हा गाडी. मग त्यांचा चेहरा बदलला. "हवालदार, ह्या सगळ्यांत तुम्हीच आहात की हो!" जाधव पुढे वाकून बघायला लागले आणि कानापर्यंत लाल झाले. लपून पाळत ठेवणाऱ्या माणसाला स्वतःचा असा पुरावा बघायला मिळावा, हे वाईटच. त्यामुळे साहेब आणखीच चिडले. "कशासाठी काढलेत हे?" त्यांनी मला विचारलं.

"गोठ्यासाठी," मी म्हटलं.

"गुरं किती तुमची?" त्यांनी बाबांना विचारलं.

"गुरं नाहीत," बाबा म्हणाले. "बैल होते, केव्हाच विकले."

"मग गोठा कशाला?"

"गोठा माझा नाही, आळीचा आहे."

"आळीची गुरं आहेत?"

"नाहीत. दोन मेंढ्या असतात. मातीच्या."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "चेष्टा करताय का माझी? बिना गुरांचा गोठा, त्यात मातीच्या मेंढ्या, आणि त्यासाठी रेल्वेचे फोटो? क्या चल रहा है ये?" आमच्याकडे गोठा म्हटलं की लहान पोरालाही कळतं, आणि हा शब्द दुसऱ्या कोणाला कळणार नाही हे बाबांना आयुष्यात कधी सुचलंच नव्हतं. मलाही नाही. आता हसू येतं. तेव्हा मला दिसत होतं ते एवढंच, की बाबांनी टेबलावरची जपमाळ उचलून मुठीत धरली आहे.

मग मी डेनिसदादाला दिलेला शब्द मोडला. सगळं सांगितलं. नाताळचा गोठा काय असतो, योसेफ आणि मारिया, शटल, प्लायवूड, खिडक्यांतले दिवे, वरची आळी, आईचं माहेर. तोंडातल्या तोंडात काय मोजत होतीस, असं साहेबांनी विचारलं तेव्हा नमो मारियाही सांगितली. साहेबांनी गरम पाण्याचा घोट घेतला, आणि बाबांकडे वळून विचारलं, "तुम्ही वडील आहात. बुजुर्ग माणूस आहात. तुम्ही सांगा. ही म्हणते ते खरं आहे?"

मी बाबांकडे बघितलं. त्यांच्या हातात माळ होती. त्यांनी खरंच विचार केला, ते मला दिसत होतं. बांधाच्या वादात साक्ष देताना करत तसाच. मग ते म्हणाले, "मला माहीत नाही, साहेब."

बाहेर शटल सुटत होती. तिचा भोंगा वाजला, आणि डबे एकामागून एक खिडकीवरून गेले. मी त्या गाडीकडे बघितलंही नाही. पोलीस काय करतील याची मला आता भीती वाटत नव्हती. मला फक्त ते तीन शब्द ऐकू येत होते. इतक्या वर्षांत मी पुष्कळ वाईट ऐकलं, नवऱ्याकडून, नोकरीत, आणि आजारपणात डॉक्टरांकडून. पण कुठलंच इतकं खोल गेलं नाही.

आणि तेव्हा भिंतीशी उभे असलेले जाधव बोलले. "खरं असंल, साहेब." साहेबांनी मान वर केली. जाधव अजून लालच होते, पण बोलत राहिले. "पोरगी खोटं बोलत न्हाई. म्या हिच्यावर महिनाभर नजर ठिवून हाय. कुनाला भेटली न्हाई, कुनाशी बोलली न्हाई, कुनाकडनं काय घेतलं न्हाई. गाडी आली की हिला दुसरं कायबी दिसत न्हाई. एकदा हिच्या पिशवीला कुत्रं तोंड लावत हुतं, त्ये म्या हाकललं, तरी हिला पत्ता न्हाई. आता बगा की, मी हिच्या समोर हुबा. प्रत्येक फोटूत समोर हुबा. पर हिनं एकदाबी माझ्याकडं बघितलं न्हाई." एवढं बोलून त्यांनी बाबांकडे एक नजर टाकली. ती रागाची नव्हती. पण बाबांनी मान खाली घातली.

साहेबांनी पाकिटातल्या निगेटिव्ह ठेवून घेतल्या, परवानगीशिवाय पुन्हा फोटो काढायचे नाहीत म्हणून दम दिला, आणि आम्हाला सोडलं. फोटो मात्र परत दिले. जाधव आम्हाला पुलापर्यंत सोडायला आले. जाताना मला म्हणाले, "ताई, त्यो गोठा बघायला आमच्यासारक्याला येऊ देत्यात का?" मी मान हलवली.

आगाशीची एसटी अर्धी रिकामी होती. बाबांनी मला खिडकीशी बसवलं आणि स्वतः कडेला बसले. उघड्या खिडकीतून गार वारा येत होता. त्यांनी कोट काढून माझ्या अंगावर घातला. निर्मळच्या स्थळाबद्दल, बीएबद्दल, काहीतरी बोलतील असं मला वाटत होतं. बोळिंजचा थांबा गेला. दोन्ही बाजूंना काळोखात वाड्या लागल्या. मग समोरच्या सीटच्या लोखंडी दांड्याकडे बघत ते हळूच म्हणाले, "मुलीसाठी एक खोटं बोलायला हवं होतं मी. पण जीभ वळली नाही."

त्यांनी ते माफी मागितल्यासारखं म्हटलं होतं. आयुष्यात त्यांनी माझी मागितलेली ती एकच माफी.

"मी सांगितलं ते खोटं नव्हतंच, बाबा," मी म्हणाले. "खरंच होतं."

बाबा माझ्याकडे वळले. तेवढ्यात कंडक्टर आला, टिकटिक करत, कुठे जायचं म्हणून विचारत. बाबा अजून माझ्याकडेच बघत होते, म्हणून मीच म्हटलं, "दोन आगाशी."